आमचं वरचं

छपरावर सोलर बसवायचं आणि ते गावात कोणाला कळू द्यायचं नाही, एवढाच माझा बेत होता. एवढ्याशा बेतापायी माझ्या घराची झडती होईल, असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याच्याकडे संशयाने पाहिलं असतं. तसा मी सगळ्यांकडेच संशयाने पाहतो. दूधवाला हसला तर आज पाणी जास्त घातलं असणार असं मी धरून चालतो, आणि नाही हसला तर याला आता लाजही उरली नाही असं. ही म्हणते, तुम्ही आरशातसुद्धा स्वतःकडे असं बघता की तो आरसा कोणाचा ते विचारणार आहात.

आमचं गाव जुनं आहे. नुसतं जुनं नव्हे, सरकारमान्य जुनं. दगडी गल्ल्या, कमानी, कौलारू घरं जशी होती तशीच राहिली पाहिजेत, आणि ती तशी राहतात की नाही हे बघायला कोपऱ्यावर वारसा कचेरी बसवलेली आहे. बाहेरगावचे लोक येतात, आमच्या दारासमोर उभे राहून फोटो काढतात, ‘किती शांत आहे इथे!’ म्हणतात आणि निघून जातात. शांत असतं, कारण वीज धड नसते. वीज कचेरीत गेलं की ते म्हणतात, नवी केबल टाकायला गल्ली खणावी लागेल, वारसावाल्यांची परवानगी आणा. वारसा कचेरीत गेलं की ते म्हणतात, गल्लीतला एक दगड हलणार नाही. वीजवाल्यांना केबल वरून न्यायला सांगा, फक्त ती दिसता कामा नये. दोन्ही कचेऱ्यांमधलं अंतर चालून चालून माझ्या चपला झिजल्या, पण घरातला दिवा काही मोठा झाला नाही.

मी तसेच दिवस काढले असते. पण ही शिवणकाम करते. शाळेच्या गणवेशाचं काम असतं, आणि मशीनची मोटार आमच्या विजेवर नुसती कण्हायची. मग ही मशीन पायाने मारायची, दिवसभर. संध्याकाळी उठताना टेबलाला धरून उठायची आणि मी बघत नाही असं समजून तोंड वाकडं करायची. मी बघत होतो. गुडघ्यांपायी वाकडं होणारं तिचं ते तोंड मला बघवत नव्हतं.

वारसा कचेरीचा नियम मी नीट वाचला. वाचणं हा माझा धंदाच आहे. मी नोंदणी कचेरीत हेडक्लार्क. ‘रस्त्यावरून दिसेल असे काहीही छपरावर असू नये.’ आमच्या छपराची मागची उतरण परसाच्या भिंतीआड आहे. तिथे ऊन भरपूर पडतं आणि रस्त्यावरून काही म्हणजे काही दिसत नाही. म्हणजे नियम मोडत नव्हता. फक्त विचारायला गेलो असतो तर परवानगी माझ्या नातवंडांच्या हाती पडली असती. तेव्हा विचारायचंच नाही, असं मी ठरवलं.

इथे माझ्या नावाबद्दल दोन शब्द सांगणं भाग आहे. घराजमिनींचे सगळे व्यवहार आमच्या टेबलावरून जातात. अशा टेबलावर बसून मी उभ्या नोकरीत कोणाच्या चहालाही मिंधा झालो नाही. कचेरीत मला पाठीमागे ‘धुतला तांदूळ’ म्हणतात. चेष्टेने म्हणतात हे मला कळतं, पण मी ते कौतुकानेच घेतो. निवृत्ती जवळ आली होती. बंगला नाही, गाडी नाही. कमावलं ते एवढं नाव. ते घेऊन घरी यायचं, एवढीच माझी इच्छा होती.

मदतीला मेव्हण्याला बोलावलं, ही पहिली चूक. माणूस जिवाला जीव देणारा आहे, पण त्याला कुजबुजता येत नाही. तो कुजबुजतो तेव्हा नुसता श्वास जास्त सोडतो, आवाज तेवढाच राहतो. पॅनेलं त्याने हातगाडीवर घालून, गोधड्यांत गुंडाळून आणली आणि गल्लीच्या तोंडाशीच मला कुजबुजून म्हणाला, “दाजी, कोणाला कळलं नाही!” गल्लीतल्या तीन खिडक्या उघडल्या.

चौथी उघडावी लागली नाही, कारण ती बंदच होत नाही. समोरच्या गॅलरीत दुर्बीणकाका बसतात. त्यांच्याकडे दुर्बीण नाही. त्यांना तिची गरजच नाही.

“काय आणलंत?” त्यांनी वरून विचारलं.

“आरसे,” मेव्हणा म्हणाला.

“एवढे?”

“ताईला कपडे शिवून झाले की गिऱ्हाइकाला दाखवायला.”

“शाळेच्या पोरांना?” काका म्हणाले. मग थोडं थांबून, “पोरांना एवढे मोठे आरसे लागतात का हल्ली?”

मी गोधडी सारखी केली आणि काहीच न ऐकल्यासारखं दार लावून घेतलं. पण दाराच्या आतून मला स्पष्ट जाणवत होतं, की काका अजून विचार करताहेत.

फिटरला मी सगळी परिस्थिती समजावून सांगितली. ही दुसरी चूक, कारण त्याला ती फार आवडली. आजवर त्याने उघड्यावर पुष्कळ सोलर बसवलं होतं, चोरून कधी बसवलं नव्हतं. तो हत्यारं भाजीच्या पिशवीत घालून आला, वर मेथीची जुडी ठेवून. घरात शिरताना त्याने दोन्ही बाजूंना इतकं वळून वळून पाहिलं, की ज्यांचं लक्ष नव्हतं त्यांनीही पाहिलं. छपरावर चढला आणि पहिल्याच पावलाला दोन कौलं फुटली.

“छपरावर कोण आहे?” समोरून काकांचा आवाज आला.

“मांजर!” ही म्हणाली.

तेवढ्यात वरून फिटर ओरडला, “दहाचा पाना द्या!”

“शिकलेलं दिसतंय,” काका म्हणाले.

फुटलेल्या कौलांचं निराळंच. जुन्या घडणीची कौलं बाजारात मिळत नाहीत, वारसा कचेरीच्या गोदामात मिळतात, आणि तिथे कौल कसं फुटलं ते सांगावं लागतं. मी ‘मांजर’ असं सांगितलं. वारसासाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि दोन कौलांऐवजी एकच दिलं. म्हणाले, एका मांजराला एकच फुटतं. दुसऱ्याच्या जागी आम्ही पत्र्याचा तुकडा ठोकून त्याला शेंदरी रंग दिला. तो लांबून कौलासारखा दिसतो, पण पाऊस आला की ताशासारखा वाजतो. पावसाळाभर हिने काकांना काय काय कारणं सांगितली, ते मला माहीत नाही.

बॅटरी आणि तिचं यंत्र आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवलं, कुलूप लावून. काम फत्ते झालं. हिने मशीनची मोटार लावली, पाय बाजूला घेतले, आणि मशीन अशी पळाली की ही हसायलाच लागली. मला वाटलं, आपण आयुष्यात एक तरी काम बरं केलं. कपाटातलं यंत्र मात्र दिवसभर घुंऽऽ करत राहायचं. काकांनी हिला विचारलं, हा कसला आवाज? ही गडबडली आणि म्हणाली, “हे घोरतात.”

“दुपारी? दुपारी ते कचेरीत असतात ना?”

त्या दिवसापासून मी कचेरीत खरंच जातो का, यावर काकांनी नजर ठेवली.

आता तिसरी चूक. ती सगळ्यात मोठी, आणि ती माझी एकट्याची. हा सगळा घोळ बघून मी घरात नियम केला, की ‘सोलर’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. भिंतीला कान असतात, आणि आमच्या भिंतीचे कान समोरच्या गॅलरीत. ‘सोलर’च्या ऐवजी म्हणायचं ‘वरचं’. छपरावरून येतं, म्हणून वरचं. मला स्वतःलाच ती युक्ती फार आवडली. जगात दुसरा कोणीही नोंदणी कचेरीतला हेडक्लार्क हा शब्द निवडताना थबकला असता. मी थबकलो नाही. ज्या माणसाने आयुष्यात वरचं कधी घेतलंच नाही, त्याच्या तो अर्थ ध्यानात कसा यावा?

कचेरीतून मी दुपारी हिला फोन करायचो. नवीन खेळणं होतं. किती वीज झाली ते ऐकल्याशिवाय मला चैन पडत नसे.

“आज वरचं किती झालं?” मी विचारायचो.

पलीकडून ही सांगायची.

“कालच्यापेक्षा जास्त! वा! सकाळपासून चालू आहे ना? सगळं आत साठवलंस ना? कपाटाला कुलूप लाव. आणि दाखवू नकोस कोणाला. तुझ्या भावालासुद्धा सांग, बाहेर बोलू नको म्हणावं.”

एकदा फोन ठेवला आणि माझ्या लक्षात आलं, की हॉलमधला टंकलेखनाचा खडखडाट थांबला आहे. सगळे आपापल्या कागदाकडे बघत होते, पण कोणी लिहीत नव्हतं. मला संशय आला, हे आपल्यावर काहीतरी कट शिजवताहेत.

आणि मग विचित्र गोष्टी सुरू झाल्या. शिपाई माझा चहा सगळ्यांच्या आधी आणून ठेवू लागला, आणि वर बशी झाकू लागला. शेजारच्या टेबलावरचा कारकून, जो मला वर्षानुवर्षं ‘काय हो’ म्हणायचा, तो ‘सर’ म्हणायला लागला. वाण्याने मला पाहून पिशवी स्वतः धरली. दुर्बीणकाका, जे आजवर मला बसूनच विचारत होते, ते गॅलरीत उठून उभे राहिले. मेव्हण्याचं तर म्हणणं पडलं की दाजी, तुमच्या चेहऱ्यावर तेज आलंय. इतकी वर्षं मी स्वच्छ वागलो तेव्हा कोणी पिशवी धरली नव्हती. मी प्रत्येकाकडे आणखी संशयाने पाहू लागलो, आणि मी तसं पाहतो म्हटल्यावर ते आणखी नमून वागू लागले.

एक दिवस एक पक्षकार टेबलावर फळांची करंडी ठेवून निघाला. मी त्याला हाक मारून करंडी परत दिली. तो बिचारा घाबरला. जवळ येऊन हळूच म्हणाला, “कमी पडलं का साहेब?”

मी म्हणालो, “मी घेत नाही.”

“कळलं,” तो म्हणाला. “इथे नको. घरी आणतो.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि पायाखालची जमीन सरकली. मी मागचे सगळे फोन आठवले. सगळं आत साठवलंस ना. कपाटाला कुलूप लाव. कचेरीतल्या कोणत्याही माणसाने ते ऐकून दुसरा काही अर्थ लावला असता, तर तोच गाढव ठरला असता. माझं सगळं नाव माझ्याच तोंडाने, माझ्याच फोनवरून, भर हॉलमध्ये धुऊन गेलं होतं.

सांगायचं तरी काय? सोलर आहे असं सांगावं, तर बातमी वारसा कचेरीत जाणार, पॅनेलं उतरणार, आणि हिचे पाय पुन्हा मशीनवर. न सांगावं, तर मी लाचखाऊ. मी रात्रंदिवस तळमळत होतो. त्यात मोठ्या साहेबांनी खोलीत बोलावून घेतलं. दार लावलं. ते रागावले नव्हते, दुखावले होते.

“इतक्या वर्षांची ओळख,” ते म्हणाले. “तुम्ही सुरू केलंत ते चांगलंच केलंत. पण आम्हाला एका शब्दाने कळवू नये?”

मी शपथेवर सांगितलं की मी काही सुरू केलेलं नाही. ते म्हणाले, “बरं. राहू द्या.” आणि खिडकीबाहेर बघत राहिले. थोड्याच दिवसांत माझ्याविरुद्ध निनावी तक्रार झाली. कोणी केली ते मला माहीत नाही. मला सगळ्यांचाच संशय आहे, त्यातल्या त्यात खिडकीबाहेर बघणाऱ्यांचा.

चौकशी अधिकारी सकाळीच दारात उभे राहिले. झडतीला दोन प्रतिष्ठित पंच लागतात. गल्लीतले प्रतिष्ठित म्हणून त्यांनी कोणाला आणावं? एक दुर्बीणकाका, आणि दुसरे कोपऱ्यावरचे वारसासाहेब. मी वारसासाहेबांना बघितलं आणि खुर्चीतच बसलो. काका मात्र चप्पल न घालताच आले होते. माझ्या घरात यायला मिळेल म्हणून त्यांना चप्पल शोधायचाही धीर नव्हता.

डबे झाले, ट्रंका झाल्या, गणवेशांचे गठ्ठे झाले. मग अधिकारी आतल्या खोलीत कपाटापुढे उभे राहिले. आतून आवाज येत होता, घुंऽऽ.

“यात काय आहे?”

मी हिच्याकडे पाहिलं. ही दाराला टेकून उभी होती. किल्ली तिच्या कमरेला होती. मी गप्प राहिलो असतो तर माझं नाव गेलं असतं, आणि उघडलं असतं तर तिचे पाय. तिनेच पुढे होऊन कुलूप काढलं. “माझ्या गुडघ्यांपायी तुम्हाला कोणी चोर म्हणायचं नाही,” ती म्हणाली, सगळ्यांसमोर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एरवी अशा वेळी मी डोळ्यांत कचरा गेल्याचं सांगतो, पण तेव्हा सुचलं नाही.

कपाटात बॅटऱ्या होत्या. एक हिरवा दिवा उघडझाप करत होता.

“हे काय?” अधिकारी म्हणाले.

“वरचं,” माझ्या तोंडून गेलं. मग मी सगळं सांगितलं. छप्पर, पॅनेलं, मांजर, सगळं. अधिकाऱ्यांनी कपाटाच्या मागे हात घालून पाहिला, बॅटरी वाजवून पाहिली, आणि काहीही आक्षेपार्ह नाही असं लिहून, माझ्याकडे जरा नाराजीने बघून ते निघून गेले. दुर्बीणकाका तिथेच उभे होते.

“एवढं मोठं कपाट,” ते म्हणाले, “आणि आत नुसत्या बॅटऱ्या?”

वारसासाहेबांनी यंत्राच्या बटणावर कागद चिकटवून त्यावर शिक्का मारला. पाहणी होऊन परवानगी मिळेपर्यंत वापर बंद. दुसऱ्या दिवसापासून ही पुन्हा पायाने मशीन मारू लागली.

मला निदान एक समाधान होतं की नाव धुऊन निघालं. तेही फार टिकलं नाही. कचेरीत दोन पक्षकार बोलताना ऐकले. एक म्हणत होता, “त्या हेडक्लार्कला काय द्यावं लागतं?” दुसरा म्हणाला, “त्याला वरचं म्हणायचं नाही. झडती झाल्यापासून ते सोलर म्हणतात.” आठवड्याभरात वाणी, वकील, दलाल सगळे तोच शब्द वापरू लागले. अमक्या टेबलावर सोलर लागतं, तमका साहेब सोलर घेत नाही. जुना शब्द एकदम मागे पडला. माझ्यामुळे भाषेत भर पडली, याचं दुःख कोणापुढे करायचं?

तरी मी रीतसर अर्ज केला. वारसा कचेरीत वारसासाहेबांनी तो बाजूला सारला, खिडकी लोटली आणि खालच्या आवाजात म्हणाले, “होऊन जाईल. पण थोडं सोलर लागेल.”

शब्द माझाच होता, म्हणून जास्त लागला. घरी आलो तेव्हा ही मशीनवर होती. पाय वरखाली होत होते, आणि ती विचारत नव्हती की काय झालं. तेव्हा मी ठरवलं. मागितलं आहे ना? देऊ.

फिटरकरवी एक पॅनेल उतरवलं आणि हातगाडीवर ठेवलं. या वेळी गोधडी घातली नाही. भर सकाळी, बाहेरगावचे लोक फोटो काढत असताना, मी आणि मेव्हणा ते घेऊन कमानीखालून, भर गल्लीतून वारसा कचेरीत गेलो. आत गावाचे नकाशे घ्यायला आलेल्यांची रांग होती. मी पॅनेल साहेबांच्या टेबलाला टेकवलं आणि मेव्हण्याला म्हणालो, “तू जरा कुजबुजून विचार.”

मेव्हणा छाती भरून कुजबुजला, “दाजी, साहेबांनी मागितलेलं सोलर इथेच ठेवू का?”

रांग वळली. बाहेरचे आत डोकावले. पॅनेलमध्ये वारसासाहेबांचा चेहरा दिसत होता, आणि तो त्यांनाही दिसत होता.

“अहो, काय हे! घेऊन जा!” ते म्हणाले.

“थोडं म्हणाला होतात,” मी नम्रपणे म्हणालो. “एक पुरेल ना?”

माझा अर्ज त्यांनी स्वतः शोधला. ‘रस्त्यावरून दिसत नाही, हरकत नाही’ असं स्वतःच्या अक्षरात लिहिलं, शिक्का मारला, आणि पॅनेल दाराबाहेर नेईपर्यंत ते बसले नाहीत.

परतताना मी गल्लीच्या मधोमध चाललो. घरात शिरून बटणावरचा कागद ओढून काढला. मशीन पळू लागली, हिने पाय लांब सोडले आणि माझ्याकडे बघून हसली. मी पॅनेल आत घ्यायला पुन्हा बाहेर आलो, तर गॅलरीत दुर्बीणकाका उठून उभे राहिलेले. हातगाडीवरच्या पॅनेलकडे त्यांनी नीट पाहिलं, मग माझ्याकडे, आणि फार सहानुभूतीने विचारलं,

“साहेबांनी परत दिलं? कमी पडलं वाटतं.”